बी फोडली, आत काय दिसलं?

आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड १२



आजचा पाठ अगदी छोटा आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतात. ते फोडायला लावतात आणि आत काय दिसतं ते विचारतात. मुलगा सांगतो, बारीक बारीक बिया. मग त्यातली एक बी फोडायला लावतात. आता काय दिसतं? काहीच नाही. तेव्हा वडील समजावतात की जे तुला दिसत नाही, त्या सूक्ष्मातूनच हा एवढा मोठा वृक्ष उभा आहे, आणि तेच तत्त्व तुझ्यातही आहे.

श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, विद्येचा ताठा घेऊन घरी आला होता. वडील त्याला नुसतं सांगूही शकले असते. पण त्यांनी फळ त्यालाच आणायला लावलं, त्यालाच फोडायला लावलं. ‘काहीच दिसत नाही’ हे उत्तर त्यांनी चूक ठरवलं नाही. खरं शिकवणं तिथूनच सुरू झालं.

आज अमरावती-अकोल्यातही कितीतरी लेकरं फ्लॅटमध्ये वाढतात. आबांच्या वावरात सरकी टोबतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, पण बी रुजताना पाहिलेली नसते. आपण काय करतो? मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवतो. त्यात बीचं झाड दहा सेकंदांत होतं. माहिती मिळते, पण वाट पाहणं राहून जातं.

त्यापेक्षा मूठभर मूग रात्री भिजत घाला. सकाळी एक मूग लेकराला सोलू द्या. दोन डाळिंब्या आणि त्यांच्यामध्ये इवलासा कोंब दिसेल. डाळिंब्या म्हणजे त्या बाळाची शिदोरी. बाकीचे मूग काचेच्या ग्लासात, ओल्या कागदाच्या आणि काचेच्या मध्ये ठेवा. आधी मूळ निघतं. ग्लास आडवा केला तरी ते वळून पुन्हा खालीच जातं. हे आधी सांगू नका, त्यालाच शोधू द्या.

नवरात्रात तर हा पाठ देवघरातच मांडलेला असतो. अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला गर्दी उसळते, तेव्हा घराघरांत घटाभोवतीच्या मातीत गहू, ज्वारी पेरलेली असते. नऊ दिवसांत कोंब वर येतात, पण बरेचदा पिवळट. लेकरू विचारतं, “आजी, हे हिरवे काऊन नाहीत?” त्याला देवीच्या कोपाची भीती घालू नका. देवघरात उजेड कमी असतो. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, आणि कोंब उजेड शोधत लांब वाढतात. तेच धान्य एका वाटीत खिडकीशी पेरा. फरक त्याला स्वतःच कळेल. श्रद्धा याने कमी होत नाही, उलट डोळस होते.

आता अवघड भाग. एखादा मूग रुजतच नाही. लेकरू हिरमुसतं. अशा वेळी रात्री गुपचूप दुसरा रुजलेला मूग तिथे ठेवायचा मोह होतो. तेवढं करू नका. वऱ्हाडात मृगात पेरलं आणि नंतर पावसाने दडी मारली, तर कोंब जळून जातात आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, बरेचदा कर्जही पुन्हा. आपल्या ताटातली तूर त्या जिवाच्या भरवशावर येते. न रुजलेला मूग हातात घेऊन लेकरू विचारेल, “आता?” तेव्हा एवढंच म्हणा, “आता पुन्हा पेरू.” फळावर आपला हक्क नाही, ही गीतेची शिकवण चार वर्षांच्या जिवाला याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

आजची कृती : घरातल्या किंवा शेजारच्या एका लेकरासोबत पाच मूग भिजत घाला. रोज एकच प्रश्न विचारा, “आज काय दिसतं?” उत्तर मात्र त्याचं असू द्या.

प्रार्थना : हे पांडुरंगा, जे दिसत नाही त्यावर भरवसा ठेवण्याचं बळ दे, आणि जे दिसतं ते नीट पाहण्याचा धीर दे.

राम कृष्ण हरी!