जकातीच्या हिशेबात खिदमत करणाऱ्याचेही खाते

रमजान जवळ आला की आम्ही कापडवाले मालाची मोजदाद करतो. थानांची बाजारभावाने किंमत धरतो, येणे मिळवतो, देणे वजा करतो आणि अडीच टक्के जकात काढतो. हिशेब चोख असतो. वाटप मात्र बहुधा दुकानासमोरच्या रांगेतच संपते. ज्याला अंथरुणावरून उठता येत नाही, तो म्हातारा या रांगेत कसा येणार? त्याला एकटे टाकून त्याची मुलगी तरी कशी येणार?

मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर उमर घालवलेल्या पुष्कळ कारागिरांना ना पेन्शन, ना फंड. असा माणूस लकव्याने पडला की त्याची कमाई थांबतेच, शिवाय घरी शिलाई करणाऱ्या मुलीचे मशीनही बंद पडते. औषधाचा खर्च लोकांना दिसतो, बंद मशीन कोणाच्या नजरेस येत नाही.

येथे मसला नीट समजून घ्यावा. आपल्या आईवडिलांना जकात देता येत नाही, त्यांचा खर्च आपल्याच मिळकतीवर आहे. गरजू भाऊ, बहीण, विधवा फुफी यांना देता येते, आणि हदीसप्रमाणे नातेवाइकाला दिल्याचा सवाब दुहेरी, सदक्याचा आणि नाते जोडल्याचाही. खिदमत करणारी मुलगी स्वतः साहिबे निसाब नसेल, तर जकात तिच्या हातात, तिच्याच मालकीची म्हणून देता येते. पण आपण बाई कामाला ठेवून तिचा पगार जकातीतून चुकवू म्हटले तर हनफी मसल्याप्रमाणे ते चालत नाही. जकात मोबदला म्हणून देता येत नाही. तो पगार लिल्लाह रकमेतून द्यावा. मोहल्ल्यासाठी चाकांची खुर्ची घेऊन आळीपाळीने वापरायला दिली तर तीही लिल्लाहमधूनच, कारण जकातीत गरजूला मालक करावे लागते.

आजारपण मात्र बारा महिन्यांचे असते. निसाबवाल्याला जकात आगाऊ देण्याची मुभा आहे. तेव्हा दरमहा ठरावीक रक्कम पोहोचवावी, वहीत टिपून ठेवावी आणि वर्षअखेर हिशेबात वळती करावी. आम्हाला तरी एकरकमी वाटपापेक्षा हेच बरे वाटते.

चौकशीला आपल्या घरच्या बायकांना पाठवावे. आतली हालत त्यांनाच कळते. देताना जकातीचे नाव घेण्याची गरज नाही, देणाऱ्याची नियत पुरे.