परवाना विचारणाऱ्यालाही प्रश्न विचार

बाय, दुकान आता तू बघणार, म्हणून पहिली गोष्ट सांगतो. मशीनपेक्षा बिलांची फाईल जास्त जपायची. नवी मुंबईतल्या आपल्या दिवाळे गावच्या दुकानात येणारं काम तुला माहीत आहे. मच्छीमार सोसायटीची पत्रं, बोटींच्या कागदपत्रांचे अर्ज, जमिनी गेलेल्यांची साडेबारा टक्के भूखंडांची प्रकरणं, कोकण भवनातल्या सरकारी कार्यालयांत द्यायची निवेदनं, हळदीच्या आणि लग्नाच्या पत्रिका. हे सगळं कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि ते सॉफ्टवेअर मध्येच कधीतरी विचारतं की तू मला विकत घेतलंस की चोरलंस? विचारण्याची वेळ त्याची असते, आपली नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना विचारेल, लाईट जाऊन आल्यावर विचारेल. त्या वेळी बिल, सीरियल नंबर आणि खरेदीचा ईमेल या तिन्ही गोष्टी एका जागी सापडल्या पाहिजेत. ईमेलची छापील प्रतही ठेव. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, म्हणून आलं त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढायची.

लोक म्हणतात, आपण पैसे मोजलेत तर घाबरायचं कशाला? घाबरायचं नाही, पण आंधळा विश्वासही ठेवायचा नाही. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून घराघरातल्या मशीनला अ‍ॅक्टिव्हेशन लागलं. नेट नसेल तर फोन लावायचा आणि पडद्यावरचे पन्नास आकडे एकेक करून सांगायचे. पलीकडून उत्तराचे आकडे यायचे, ते न चुकता भरायचे. ते निदान एकदाच होतं. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या अपडेटांच्या रांगेतूनच एक तपासनीस पाठवला, विंडोज जेन्युइन अ‍ॅडव्हांटेज नावाचा. तो रोज कंपनीच्या सर्व्हरशी बोलत होता आणि ही गोष्ट लोकांना आधी सांगितलेली नव्हती. जूनमध्ये बोभाटा झाल्यावर कंपनीने ते कबूल केलं. अमेरिकेत दावेही दाखल झाले. पुढच्याच वर्षी, 2007 च्या ऑगस्टमध्ये, तपासणीचा सर्व्हर जवळजवळ 19 तास बिघडला आणि रोख पैसे देऊन घेतलेल्या विंडोजलाही खोटं ठरवू लागला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 12,000 पेक्षा कमी मशीनना त्याचा फटका बसला. आकडा लहान वाटेल, पण त्यातलं एक मशीन आपलं असतं तर?

यातून माझं मत पक्कं झालं आहे. तपासणीचा जाच प्रामाणिक गिऱ्हाइकाला होतो. चोरी करणारा तर तपासणी उपटून टाकलेलीच प्रत वापरतो, त्याला कोण विचारणार? कंपन्यांनी हा अन्याय ओळखायला हवा. पण तो आहे म्हणून आपणही चोरीच्या वाटेला जायचं नाही, त्याची कारणं पुढे सांगतो.

आधी डोंगलचं सांगतो, कारण तो अजून तुझ्या मशीनच्या पाठीला लावलेला आहे. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर महाराष्ट्रातल्या छापखान्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या काळात मराठी सॉफ्टवेअरबरोबर हार्डवेअर लॉक, म्हणजेच डोंगल, येणं नेहमीचं होतं. प्रिंटरच्या पोर्टात बसणारी पंचवीस पिनांची डबी असायची आणि तिच्या पाठीला प्रिंटरची केबल. डबी नाही तर अक्षर नाही. काही वेळा प्रिंटर बंद असला तर डबी सापडायची नाही, म्हणून आधी प्रिंटर आणि मग मशीन चालू करायचा शिरस्ता होता. मग मशीनवरून ते पोर्टच गेलं आणि यूएसबी डोंगल आले. लॉक लावणाऱ्यांची बाजूही मला कळते. एकेक अक्षर, त्याची वेलांटी, त्याची जोडाक्षरं कोणीतरी हाताने रेखाटलेली असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पाच-पन्नास रुपयांच्या सीडीवर ती मेहनत विकली जायची. ज्यांनी मराठीला संगणकावर आणलं त्यांचं पोट मारणं मला कधी पटलं नाही.

पण लॉक जपण्याचं ओझं आपल्यावर येतं, आणि आपल्या गावात खाडी दाराशी आहे. खारं वारं पितळेलाही सोडत नाही. पावसाळ्यात डोंगलच्या टोकावर हिरवट थर चढतो, आणि मग सॉफ्टवेअर म्हणतं की लॉक सापडत नाही. तेव्हा लगेच कंपनीला फोन करू नकोस. मशीन बंद कर, कापूसकाडीला स्पिरिट लावून आतल्या पट्ट्या हलक्या हाताने पूस, पूर्ण वाळू दे, मग लाव. पुढच्या पोर्टात डोंगल कधी लावायचा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याचा गुडघा लागून तो वाकतो. मागच्या पोर्टात छोटी एक्स्टेन्शन केबल घाल आणि तिच्या टोकाला डोंगल लाव. जास्त दिवस दुकान बंद ठेवायचं असेल तर डोंगल काढून झाकणाच्या डबीत ठेव, आत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाक. दुकानाचा विमा असेल तर सामानाच्या यादीत डोंगल वेगळा लिहून घे. हरवला तर बहुतेक ठिकाणी अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यावं लागतं.

हे सांगतो याला कारण आहे. ऐन हळदीच्या मोसमात, पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या संध्याकाळी आमचा डोंगल गेला. कंपनीच्या माणसाने सांगितलं की डोंगल कुरिअरने पाठवा, तपासून आठवड्याने कळवू. आमच्याकडे बिल होतं, सीरियल नंबर होता, सगळं होतं. तरी पत्रिका दुसऱ्याच्या दुकानात बसून पुन्हा टाइप कराव्या लागल्या. नवरीचे वडील रात्रभर शेजारी बसून होते. त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला, आणि तू तो मोडू नकोस. पक्क्या झालेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ काढायची, फाँट आत बसवून. लॉक गेलं तरी पीडीएफ छापता येते.

मासळी घेताना कल्ला उचलून बघतेस, तसं सॉफ्टवेअर घेण्याआधी विकणाऱ्याला विचार. किती मशीनवर चालेल? नेट नसताना किती दिवस चालेल? मदरबोर्ड बदलला तर परवाना राहील की जाईल? मशीनमधली कोणती माहिती कंपनीकडे जाते? दरवर्षी पैसे भरणं थांबवलं तर आधी केलेल्या फायली उघडतील का? या शेवटच्या प्रश्नावर विकणारा घुटमळला तर घ्यायची घाई करू नकोस. उत्तरं ईमेलवर माग. तोंडी शब्दाला नंतर कोणी विचारत नाही.

मदरबोर्डचं विशेष सांगतो, कारण खाऱ्या हवेत आपले बोर्ड लवकर जातात. मशीनबरोबर आलेलं विंडोज, ज्याला ओईएम म्हणतात, ते त्या बोर्डाशी बांधलेलं असतं. सुटं विकत घेतलेलं दुसऱ्या मशीनवर नेता येतं. किंमत बघून ओईएम घेतलंस तरी हरकत नाही, पण हे माहीत असू दे. विंडोज 10 किंवा 11 असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन परवाना दुकानाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेव. दुरुस्तीवाल्याच्या खात्याशी नको, दुकानाच्याच. त्या पानाचा फोटो काढून बिलाच्या मागे लाव.

आता क्रॅकचं. कोणीतरी येईल आणि म्हणेल, ताई, लॉक काढून देतो, कटकटच नको. आपण कंपनीच्या तपासणीवर विश्वास ठेवत नाही, मग ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्या माणसाच्या फायलीवर कसा ठेवायचा? क्रॅक चालवताना तो पहिली अट घालतो, अँटिव्हायरस बंद करा. आपल्या मशीनवर गावच्या लोकांचे आधार, पॅन, सातबारा पडलेले असतात. लोकांनी ते आपल्या भरवशावर दिलेत.

शिवाय कायदा आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63ब. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी नसेल तर कैद न देण्याची आणि दंड पन्नास हजारांच्या आत ठेवण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण आपलं दुकान म्हणजे धंदाच. त्याच कायद्यात आपल्या बाजूचंही आहे. ज्याच्याकडे प्रत कायदेशीर आहे त्याला ती खराब होण्या-हरवण्यापासून बचाव म्हणून बॅकअप प्रत काढता येते. म्हणून मूळ सीडीची, डाउनलोड केलेल्या सेटअपची प्रत काढून ठेवायला बिचकायचं नाही. आणि तपासणीला म्हणून एकटा कंपनीचा माणूस दारात आला तर त्याला चहा दे, पण मशीनला हात लावू देऊ नकोस. तो अधिकार त्याला नाही. उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी आला, किंवा न्यायालयाचा आदेश घेऊन कोणी आलं, तर ओळखपत्र आणि कागद बघ, अडवू नकोस, फाईल पुढे ठेव आणि पंचनाम्याची प्रत माग.

फोनवरच्या तपासनीसाचं तर ऐकायचंच नाही. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं लायसन्स संपलंय, एनीडेस्क चालू करा", असा फोन आला की ठेवून द्यायचा. कंपनी असा फोन करत नाही. या खऱ्या तपासण्यांनी लोकांच्या मनात जी धास्ती बसली, तिचाच फायदा हे भामटे घेतात. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 ला फोन लाव.

तपासणीला वैतागून अपडेट बंद करायची खोड आपल्याकडे फार आहे. जेन्युइन अ‍ॅडव्हांटेजच्या दिवसांत कित्येक दुकानदारांनी तेच केलं, कारण तपासनीस अपडेटांबरोबर यायचा. पण त्यामुळे दारं उघडी राहिली. 2008 च्या अखेरीस कॉनफिकर किडा पसरला, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट ऑक्टोबरमध्येच निघालं होतं. याचा दोष मी लोकांइतकाच कंपनीला देतो. औषधाबरोबर पाळत पाठवली की लोक औषधही नाकारतात. तरी तू सुरक्षेची अपडेट बंद करायची नाहीस.

आणि उलटं उदाहरणही लक्षात ठेव, ते आपल्या खाडीपलीकडचंच आहे. 2017 च्या जूनमध्ये न्हावा-शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात ठप्प झालं. त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. लोकांनी रीतसर वापरात आणलेलं सॉफ्टवेअर होतं ते. त्याआधी 2005 मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीत नक्कल थांबवायला असं काही भरलं की ते संगणकात लपून बसायचं आणि इतर व्हायरसनाही लपायला जागा करून द्यायचं. सीडी मागे घ्याव्या लागल्या. म्हणून मी सांगतो की ज्या मशीनवर लोकांचे कागद आहेत त्यावर कमीत कमी सॉफ्टवेअर ठेव. डिझाइनचं मशीन वेगळं, अर्जांचं वेगळं. रोजचं काम झालं की बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत काढ आणि ती डिस्क सुटी करून घरी ने. जोडलेली डिस्क हल्ल्यात मशीनबरोबरच जाते.

कंपनी कायम असते असंही समजू नकोस. अ‍ॅडोबीने 2013 च्या सुमारास सीएस टू या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या मालिकेचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले. त्यांनी निदान जुन्या गिऱ्हाइकांना अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत दिली. प्रत्येक कंपनी ते करेलच असं नाही. आपल्या जुन्या मशीनवर सोसायटीचे ठराव, जत्रेची पत्रकं, गावठाणाच्या लढ्याची निवेदनं जुन्या फाँटांत पडून आहेत. तो फाँट नसला तर तीच फाईल इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा गोंधळ दाखवते. उद्या डोंगल चालेनासा झाला की हे सगळं गावाच्या हातून जाईल.

म्हणून नवं काम युनिकोडमध्येच कर, तिथे मजकूर एका फाँटाला बांधलेला नसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने काढलेले ‘मुक्त’, ‘बलू’ हे फाँट कोणालाही फुकट आणि कायदेशीर वापरता येतात. पत्रं-अर्जांना लिब्रऑफिस पुरतं, ते परवाना विचारत नाही आणि मराठीतून चालतं. पत्रिकांच्या बारीक सजावटीला लागेल तेवढंच विकतचं ठेव, आणि ते बिल घेऊन. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचाही परवाना असतो, तो एकदा वाच. काही फक्त घरगुती वापरापुरते फुकट असतात, दुकानात चालत नाहीत.

विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, म्हणजे ते चालवणारं आपलं जुनं मशीन बदलावं लागेल. पण ते भंगारात देण्याआधी सोसायटीच्या आणि गावठाणाच्या फायली डोंगल चालू असेतोवर उघड, एकेकीची पीडीएफ काढ, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे. बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघ. हे काम पावसाळ्याच्या आत संपव.