केस चालू असताना जीव सांभाळणे



जुन्या मित्राने कोर्टात खेचले की माणसाला दोन घाव एकदम बसतात. खटल्याची धास्ती सगळ्यांना दिसते, पण मैत्री गेल्याचे दुःख कोणाला दिसत नाही. घरात कोणी वारले तर लोक भेटायला येतात, मित्र तुटला तर कोणी येत नाही. त्यात घरातली उणीदुणी, जुन्या चुका हे सगळे त्या मित्राला ठाऊक असते. ते उद्या भर कोर्टात निघेल या भीतीने झोप उडते, आणि मरणाचे विचार बहुधा अशाच जागरणात येतात.

भांडण अनेकदा हातउसन्या पैशांचे असते आणि हमी म्हणून दिलेला चेक वटत नाही. मग टपालाने मित्राच्या वकिलाची नोटीस येते. ‘माझे अशिलाची फसवणूक करण्याच्या उद्देशाने’ हे वाक्य वाचून माणूस खचतो, कारण त्यात त्याला मित्राचा आवाज ऐकू येतो. प्रत्यक्षात ती वकिली साच्यातली भाषा असते आणि शेकडो नोटिशींत तीच असते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली, तर चेक न वटण्याबद्दलचा कलम १३८ चा खटला उभाच राहत नाही. उभा राहिला तरी गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १४७ नुसार त्यात तडजोड होऊ शकते. लोकअदालतीत अशी असंख्य प्रकरणे मिटतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी, त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

मात्र हे सगळे वाट सापडत नसलेल्या मनाला पटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी दाखवून दिले की अशा वेळी विचारांचा आवाका आक्रसतो. माणसाला हवा असतो तो असह्य वेदनेचा शेवट, आणि मरण हा एकच मार्ग त्याला दिसू लागतो. ही तीव्रता एकसारखी टिकत नाही, ती चढते आणि ओसरते. म्हणून चढाच्या वेळी एकटे राहू नये. जिवाला धोका होईल अशी वस्तू आधीच दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी, घरच्यांना खुशाल झोपेतून उठवावे. रात्री खटला भरणाऱ्या मित्राला मेसेज तर मुळीच पाठवू नये. त्याने मन शांत होत नाही आणि तोच मेसेज पुढे पुराव्यात येतो.

‘टेन्शन आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘मला मरावंसं वाटतंय’ हेच शब्द उच्चारावेत. ऐकणाऱ्यानेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. पोलीस केस होईल या भीतीने डॉक्टरांपासून लपवणे फार घातक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरते आणि सरकारवर त्याच्या उपचारांची जबाबदारी टाकते. वकिलालाही तब्येतीची कल्पना द्यावी, म्हणजे वैद्यकीय दाखल्यावर तारखेची सवलत मागता येते.

टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हे वाचतानाच तसा विचार मनात असेल, तर पत्र बाजूला ठेवून आधी तो फोन लावावा; जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ ला फोन करावा किंवा घरातल्या कोणाला तरी घेऊन जवळचे रुग्णालय गाठावे.

— मामा