ग्राहक चिडला तरी ‘नाही’ म्हणता येतं का?

व्हिडिओमधली केस थोडक्यात देतोय.

29 मार्च 2001. लॉस एंजेलिसहून एक छोटं चार्टर जेट अमेरिकेतल्याच अ‍ॅस्पेनला निघालं. प्रवासी उशिरा आले, म्हणून विमानही लेट. अ‍ॅस्पेन डोंगरात, तिथे या विमानाला सूर्यास्तानंतर फक्त अर्धा तास उतरायची परवानगी. दुसरीकडे उतरावं लागेल म्हटल्यावर विमान भाड्याने घेणारा ग्राहक भडकला. बर्फ पडत होता. तरी धावपट्टी दिसत नसताना वैमानिक ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेले. विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. 18 च्या 18 जण गेले.

चौकशीत मुख्य चूक वैमानिकांची निघाली. पण ग्राहकाचा दबाव आणि उशीर हीसुद्धा कारणं नोंदवली गेली.

आता आपलं बघा. “आजच पाहिजे” म्हटलं की चेकिंग न करता माल सोडतो ना आपण?

गृहपाठ: कुठल्या तीन गोष्टींशिवाय ऑर्डर बाहेर जाणार नाही, ते आजच लिहून भिंतीवर लावा. आणि स्टाफला सांगा, “या कारणासाठी ऑर्डर थांबवलीत, तर ग्राहकाशी मी बोलेन.” तो फोन मालकानेच घ्यायचा.