प्रोजेक्ट रिपोर्टच्या हेडरमध्ये दुसऱ्याचंच नाव? आधी वर्डमधला 'सेक्शन' समजून घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मोठ्या फाइलमधला हेडर कसा ताब्यात ठेवायचा ते पाहिलं. व्हिडिओत स्क्रीन भराभर पुढे सरकते, म्हणून तेच इथे सावकाश लिहून देतोय. शेजारी वर्ड उघडं ठेवा आणि वाचता वाचता करून बघा.

एवढ्याशा हेडरसाठी अख्खा धडा कशाला, असं वाटेल. पण आपल्यापैकी बरेच जण पीएमईजीपीच्या तयारीत आहेत. ही योजना 2008 पासून चालू आहे. उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. अर्ज ऑनलाइन असला तरी प्रोजेक्ट रिपोर्ट लागतोच, आणि जिल्हा उद्योग केंद्र असो की बँकेची शाखा, समोरचा माणूस तुमच्या आधी तुमचा कागद बघतो. आता होतं काय, टायपिंगवाला आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो, कव्हरवरचं नाव बदलतो, आकडे बदलतो आणि प्रिंट देतो. पहिल्या वीस पानांच्या डोक्यावर तुमचं नाव, आणि एकविसाव्या पानापासून दुसऱ्याच कुणाच्या पापड उद्योगाचं! बँकेतला अधिकारी नेमकं ते आर्थिक तक्त्याचं पान उघडतो. मग मशिनरीचा खर्च तुमचाच आहे हे त्याला कसं पटवणार? आकडे खरे असले तरी रिपोर्ट उसना वाटतो.

आता हे होतं का, ते बघू. वर्डमध्ये हेडर पानाचा नसतो, सेक्शनचा असतो. फाइल दिसायला सलग 42 पानांची असली तरी आत तिचे चार-पाच तुकडे असू शकतात, आणि प्रत्येक तुकड्याचा हेडर वेगळा असू शकतो. तुम्ही पहिल्या तुकड्यातलं नाव बदललंत, बाकीचे तसेच राहिले. एवढीच गोष्ट आहे.

तुकडे डोळ्यांनी बघायचे असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबा. लपलेल्या खुणा दिसायला लागतील आणि जिथे तुकडा पडलाय तिथे दुहेरी टिंबांच्या रेघेत 'सेक्शन ब्रेक' असं लिहिलेलं दिसेल. दुसरा उपाय म्हणजे खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून 'सेक्शन'वर टिक करा. कर्सर ज्या पानावर असेल त्याचा सेक्शन नंबर तिथे येत राहतो. मी तर नवीन कॉम्प्युटरवर बसलो की आधी हेच चालू करतो.

आता उदाहरण घेऊ. समजा निफाड तालुक्यात बेदाणा प्रक्रियेचं युनिट टाकायचंय. रिपोर्टमध्ये कव्हर, अनुक्रमणिका, मुख्य मजकूर, पाच वर्षांच्या अंदाजाचे आडवे तक्ते आणि शेवटी कोटेशनची जोडपत्रं. कव्हरवर हेडर नको. मजकुरावर युनिटचं नाव आणि प्रकरणाचं नाव हवं. तक्त्यांची पानं आडवी, म्हणून त्यांना वेगळा सेक्शन लागणारच. जोडपत्रांवर 'जोडपत्र' असं यायला हवं.

जिथे नवा तुकडा हवा तिथे कर्सर ठेवा. 'लेआउट'मध्ये 'ब्रेक्स', आणि त्यात 'नेक्स्ट पेज'. ही यादी दोन भागांत असते. वरच्या भागातला साधा 'पेज' घेतलात तर फक्त पान बदलतं, सेक्शन बदलत नाही. खालच्या भागातलाच घ्यायचा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं बटण: 'लिंक टू प्रीव्हियस'. नवा सेक्शन पाडला की त्याचा हेडर आधीच्या सेक्शनला जोडलेलाच असतो. हेडरवर डबल क्लिक करा, उजवीकडे 'सेम अ‍ॅज प्रीव्हियस' अशी पट्टी दिसेल. ती दिसत असताना टाइप केलंत की मागच्या सेक्शनचाही हेडर बदलतो. म्हणून क्रम पाळा: आधी लिंक तोडा, मग टाइप करा. बहुतेकांचं इथेच उलटं होतं. आधी लिहितात, मागचं बिघडलेलं बघतात, मग लिंक तोडतात, आणि बिघडलेलं तसंच राहतं.

इथे आणखी तीन गोष्टी आहेत. लिंक पुढच्या बाजूनेही असते. तिसऱ्या सेक्शनची लिंक तोडलीत तरी चौथा तिसऱ्याला जोडलेलाच राहतो, त्यामुळे जिथे वेगळा हेडर हवा त्या प्रत्येक सेक्शनची लिंक आधी एकदाच तोडून घ्या. फूटरची लिंक वेगळी असते, ती फूटरमध्ये जाऊनच तोडावी लागते. आणि 'डिफरंट फर्स्ट पेज'वर टिक केलीत तर त्या सेक्शनच्या पहिल्या पानाचा हेडर वेगळा होतो आणि त्याची लिंकही वेगळी असते. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव लपून बसायची ही आवडती जागा. 'डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस'ची टिक मात्र सगळ्या फाइलला लागते. पुस्तक छापायचं नसेल तर तिच्या नादी लागू नका.

ब्रेक नकोसा वाटला म्हणून डिलीट करणाऱ्यांसाठी एक इशारा. सेक्शनची सेटिंग त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. ब्रेक काढलात की वरचा मजकूर खालच्या सेक्शनची सेटिंग घेतो. म्हणजे आडव्या तक्त्यांच्या आधीचा ब्रेक उडवलात, तर आधीची उभी पानंच आडवी होतात आणि हेडरही तक्त्यांचा येतो. असं झालं तर लगेच कंट्रोल झेड.

प्रत्येक प्रकरणाचं नाव हेडरमध्ये हवं म्हणून दहा प्रकरणांचे दहा सेक्शन पाडणारेही भेटतात. काही गरज नाही. प्रकरणांच्या शीर्षकांना 'हेडिंग 1' ही स्टाइल द्या. मग हेडरमध्ये कर्सर ठेवून 'इन्सर्ट', 'क्विक पार्ट्स', 'फील्ड' असं जा, यादीतून 'स्टाइलरेफ' घ्या आणि शेजारी 'हेडिंग 1' निवडा. आता ज्या पानावर जे प्रकरण, त्याचंच नाव हेडरमध्ये आपोआप येईल. शीर्षक बदललंत तर हेडरही बदलेल. नावाऐवजी 'एरर' दिसली तर समजा की शीर्षकाला स्टाइल न देता नुसतं ठळक केलंय.

आडव्या पानावर उजवीकडचा मजकूर मध्येच अडकतो, कारण साधा टॅब उभ्या पानाच्या मापाचा असतो. त्याऐवजी 'हेडर अँड फूटर' टॅबमधला 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब' वापरा आणि 'राइट' निवडा. पान उभं असो की आडवं, मजकूर कडेलाच राहतो.

पान क्रमांकाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बँकेच्या रिपोर्टला प्रत्येक सेक्शनमध्ये 1 पासून नंबर सुरू करू नका. 'फॉरमॅट पेज नंबर्स'मध्ये 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' ठेवा. कव्हरवर आकडा दिसला नाही तरी मोजणीत ते पान धरलेलं असू दे. फाइल सुटी करून झेरॉक्स काढताना एखादं पान गळालं तर लगेच कळतं.

लिबरऑफिस वापरत असाल तर तिथे हेडर 'पेज स्टाइल'ला जोडलेला असतो. पान बदलताना मॅन्युअल ब्रेकमध्येच पुढची पेज स्टाइल निवडायची. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

आता तपासणी. हेडर उघडा आणि वरच्या 'नेक्स्ट' बटणाने एकेक सेक्शन पुढे जात शेवटपर्यंत या. प्रत्येक हेडर मोठ्याने वाचा. मग 'फाइल'मध्ये 'इन्फो' उघडून 'टायटल' आणि 'ऑथर' बघा. जुनी फाइल वापरली असेल तर तिथेही आधीच्याच माणसाचं नाव असतं, आणि पीडीएफ केल्यावर ते सोबत जातं. दोन्ही बदला, मगच पीडीएफ काढून पोर्टलवर चढवा.