दशांशांची शर्यत

गेल्या सहामाहींत मीं वर्गांत फळ्यावर दोन संख्या लिहिल्या : ११.१५ आणि ११.२. यांतील लहान कोणती, असें विचारतांच मागच्या बांकावरून एका मुलानें खणखणीत उत्तर दिलें, "सर, ११.२; कारण १५ पेक्षां २ लहान." निम्म्या वर्गानें माना डोलाविल्या. "मग तुझ्या न्यायानें अविनाश साबळे यांस सुवर्णपदक मिळावयास हवें होतें," एवढेंच मी म्हणालों, आणि सारा वर्ग जागा झाला.

साबळे हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे. ६ ऑगस्ट २०२२ रोजीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत त्यांनीं तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडीत धांवण्याची शर्यत, ८ मिनिटें ११.२० सेकंदांत पुरी केली. केनियाचे अब्राहम किबिवोट यांस ८ मिनिटें ११.१५ सेकंद लागले. मिनिटें सारखीं, पूर्ण सेकंदहि सारखे. निवाडा झाला तो दशांशचिन्हाच्या उजवीकडे.

तेथें पहिलें घर दशांशाचें. एकाचा १, दुसऱ्याचा २. निकाल लागला, पुढें पाहण्याचें कारण नाहीं. ज्यास अजून शंका असेल त्यानें ११.२ वर एक शून्य चढवावें : २ दशांश म्हणजेच २० शतांश, आणि १५ हून २० मोठे. जास्त अंकांची संख्या मोठी, ही संवय पूर्णांकांत चालते. दशांशचिन्ह ओलांडतांच ती दगा देते. साबळे यांचें रौप्यपदक ५ शतांश सेकंदांनीं ठरलें. शर्यतींतील त्यांच्या सरासरी वेगानें तेवढ्या वेळांत सुमारें ३० सेंटिमीटर अंतर कापलें जातें. मीं मेजावरील फूटपट्टी उचलून वर्गास दाखविली.

शर्यतींत लहान संख्या जिंकते, फलंदाजींत मोठी. सोलापुरांत जन्मलेले पॉली उम्रीगर यांची कसोटी सामन्यांतील सरासरी ४२.२२, सुनील गावसकर यांची ५१.१२, येथें पूर्णांकच बोलतात. परंतु सांगलीस जन्मलेले विजय हजारे ४७.६५ आणि मुंबईचे विजय मर्चंट ४७.७२ ! कोणी मर्चंट यांची सरासरी ४७.७ अशी आंखडून लिहिली, तर आमचा मागच्या बांकावरील मित्र हजारे यांस वर बसवील. दशांशाच्या घरांत ७ आणि ६ आहेत, एवढें त्यानें पाहावें.

तथापि या सरासरींत डोकावून पाहा. हजारे यांच्या धांवा २१९२ आणि ते बाद झाले ४६ वेळां; मर्चंट यांच्या ८५९ आणि ते बाद झाले १८ वेळां. हजारे यांनीं साऱ्या कसोट्यांत मिळून आणखी एकच चौकार मारला असता, तर २१९६ भागिले ४६ म्हणजे ४७.७४ होऊन ते मर्चंट यांच्या पुढें गेले असते. तीन धांवा पुरल्या नसत्या. ताळा स्वतः करून पाहावा. अधिक थोर फलंदाज कोण, हें अर्थात् असल्या भागाकारानें ठरत नाहीं. माझें मत हजारे यांच्याकडे आहे.

एक सावधगिरी. ४.३ षटकें यांतील टिंब दशांशचिन्ह नव्हे. षटकाचे चेंडू सहा, म्हणून तेथें ४.३ म्हणजे साडेचार.

पालकांनीं ही केवळ परीक्षेची बाब समजूं नये. एका वर्षीं मोहोळच्या उन्हांत लांब उडीचे आंकडे टिपून घेतांना विद्यार्थी-लेखनिकानें ३.८७ मीटर पहिली, ३.८५ दुसरी आणि ३.९ तिसरी लाविली. त्याखालीं सही माझी होती. चूक ध्यानांत आली तेव्हां बक्षिसें वांटून झालीं होतीं. रविवारीं सायंकाळीं पहिल्या क्रमांकाची फीत घेऊन मी त्या मुलाच्या घरीं गेलों. वडिलांनीं विचारलें, "कितीनें जिंकला ?" मुलगा म्हणाला, "तीन सेंटिमीटरांनीं," आणि बोटें फांकून त्यानें तें अंतर त्यांस दाखविलें.