नव्या काळजाची राखण

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हाच त्याच्या हृदयाचा एकच पंप नीट चालत होता. लहानपणी त्या एका पंपावर शरीर चालवणारी फोंटान शस्त्रक्रिया झाली, तिशीत मुंबईला हृदय प्रत्यारोपण. त्याचं घर जळगावचं, मला दिलंय धुळ्याला. पण फायली आणि औषधांचं वेळापत्रक माझ्याच हाती. त्यातून कळलं ते लिहिते.

१. ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्यांचं एकच म्हणणं, "आते नवं काळीज से ना, मंग कसानी चिंता?" चिंता असते. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधं जन्मभर घ्यायची. ती प्रतिकारशक्ती दाबतात, आणि बिघडलेल्या पेशी वेळीच निपटण्याचं कामही तीच शक्ती करत असते. म्हणून कॅन्सरचा धोका वाढतो. जन्मजात हृदयरोग्याच्या खात्यात आणखी भर असते: लहानपणापासूनच्या अँजिओग्राफी आणि सीटी स्कॅनचे किरण, तान्हेपणी छाती उघडताना बऱ्याचदा काढावी लागणारी, प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथी, आणि तरुण वयात प्रत्यारोपण झाल्याने पुढे कितीतरी वर्षं चालणाऱ्या गोळ्या. १६ फेब्रुवारी १९६८ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. मुंबईत ते यशस्वी व्हायला २०१५ चा ऑगस्ट उजाडला. पुण्याहून आणलेलं हृदय डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने मुलुंडला बसवलं. आता माणसं वर्षानुवर्षं जगतात, म्हणून तर कॅन्सरचा विचार करायचा.

२. मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो चुकीचा नाही; प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला टीबीही लवकर गाठतो. पण तीच गाठ लिम्फोमाची असू शकते. प्रत्यारोपणानंतरच्या या कॅन्सरमागे बऱ्याचदा एपस्टाईन-बार नावाचा विषाणू असतो. अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर दुहेरी घात होतो. खरं निदान लांबतं, आणि त्या गोळ्यांमधलं रिफॅम्पिसिन रक्तातलं टॅक्रोलिमस इतकं खाली आणतं की शरीर हृदयच नाकारू लागतं. म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासायचा, आणि कुठलीही नवी गोळी तोंडात टाकण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखी साधी वाटणारी औषधं उलट पातळी वाढवतात. ताप रेंगाळला, वजन उतरलं, रात्री घाम फुटला, तरी वाट बघायची नाही.

३. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते लॅबच्या चिठ्ठीवर मी पेनाने लिहून देते. पातळी फार वर राहिली तर कॅन्सर आणि जंतुसंसर्गाची भीती, खाली गेली तर हृदयाची. कॅन्सरच्या धास्तीने घरच्या घरी गोळी कमी करणं म्हणजे जिवाशी खेळ.

४. ऊन. त्वचेच्या कॅन्सरचे मोठे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत, आपली सावळी कातडी त्यामानाने सुरक्षित. तरी जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो, आणि भाऊ केळीचा शेतकरी. तो आता पहाटे बागेत जातो, ऊन चढायच्या आत परततो; पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला उपरणं. कानामागे, खालच्या ओठावर, मानेवर न भरणारी जखम किंवा वाढणारी चामखीळ दिसते का, ते वहिनी उजेडात बघते.

५. तंबाखू नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी हातात ठेवणारे मित्र असतातच. त्यांना मी तोंडावर सांगते.

६. लहानपणीचे कागद जपा. फोंटान झालेल्यांचं यकृत वर्षानुवर्षं रक्ताच्या दाबाखाली राहून जून होतं, आणि हृदय बदललं तरी यकृत जुनंच राहतं. यकृतातला कॅन्सर वेळीच दिसावा म्हणून भावाला दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातली एएफपी तपासणी करायला सांगितली आहे. ती जळगावातच होते, अहवाल मुंबईला पाठवतो.

७. प्रत्यारोपण बाईचं झालं असेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करायचीच. त्या कॅन्सरमागचा एचपीव्ही विषाणू अशा शरीरात जास्त काळ टिकतो. आपल्याकडे बायका हे घरात बोलत नाहीत, एकट्या दवाखान्यात जायला कचरतात. धुळे-जळगावात जिला सोबत हवी असेल तिने मला हाक मारावी, मी येते.